आधी नाक पुढे, मग उठा

काशीमिरा नाक्यावर अहमदाबादचा हायवे आणि घोडबंदर रोड एकमेकांना मिळतात. काशीगाव या नाक्याला लागूनच आहे. जुनं काशी चर्च, ईस्ट इंडियन आणि आगरी कुटुंबांची घरं, नॅशनल पार्कच्या डोंगराच्या बाजूचे आदिवासी पाडे, आणि या सगळ्यांमधून वर गेलेले टॉवर, असं हे गाव. डोक्यावरून आता मेट्रो नऊचा पूल गेला आहे आणि स्टेशनच्या पाटीवर गावाचं नाव लागलं आहे.

इथली दुखणी धंद्यावरून ओळखू येतात. रिक्षावाल्यांची कंबर. बांधकामावर डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या बायांची मान. विरार लोकलमध्ये वरची कडी धरून उभं आयुष्य काढलेल्यांचे खांदे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर अडकलेल्या आज्यांचे गुडघे. हायवेवर दुचाकी घसरून मोडलेली हाडं आहेतच. आणि लकवा आहे. तो टॉवर बघत नाही की पाडा बघत नाही.

माझ्या आईला तो झाला, डाव्या अंगाला. तिच्यामुळेच एका फिजिओथेरपिस्टचं काम मला रोज, शेजारी बसून पाहायला मिळालं. या बाई सकाळपासून दुपारपर्यंत मुंबईच्या एका फिजिओथेरपी महाविद्यालयात शिकवतात, प्राध्यापक आहेत. संध्याकाळी मीरा रोड स्टेशनवरून शेअर रिक्षाने काशीगावात येतात आणि एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत पेशंट पाहतात. आपलं नाव छापू नये असं त्यांनी सांगितलं, म्हणून सगळे म्हणतात तसं मीही त्यांना मॅडमच म्हणते. खोलीत दोन प्लिंथ, म्हणजे उपचाराचे उंच बाक, भिंतीला शोल्डर व्हील, एक उभा आरसा, पॅरलल बार आणि कोपऱ्यात कापड घातलेलं मशीन. पेशंट आला की आधी त्या मशीनकडे पाहतो. ‘लाईटचा शेक’ किंवा ‘करंट’ मिळाल्याशिवाय उपचार झाल्यासारखे वाटत नाहीत, ही इथली जुनी समजूत आहे.

पहिल्या दिवशी मॅडमनी मशीनवरचं कापड उचललंसुद्धा नाही. आईला स्टुलावर बसवलं आणि तिच्या पावलांपाशी जमिनीवर मांडी घालून बसल्या.

घरोघरी लकव्याच्या माणसाला कसं उठवतात हे सगळ्यांना माहीत आहे. एकाने बगलेत हात घालायचा, दुसऱ्याने लुळा हात धरायचा आणि ‘हं, उठा’ म्हणत ओढायचं. मॅडमनी आधी हे थांबवलं. खांद्याचा सांधा जागेवर राहतो तो भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर. स्नायू सैल पडले की हाताच्या नुसत्या वजनानेही खांदा खाली उतरतो, आणि त्यात कुणी ओढलं तर पुढे महिनोन्महिने तो ठणकत राहतो. पुष्कळांचा हात परत येण्याच्या वाटेवर असताना या ठणक्यापायी मागे पडतो. बोटं हलायला लागलेली असतात, पण खांदा हलवू देत नाही.

मग त्यांनी आईची पावलं मागे घेतली, गुडघ्यांच्या आत. चांगला पाय जरा पुढे ठेवला आणि लुळा जरा मागे, म्हणजे उठताना वजन आपसूक लुळ्या पायावर येतं. डावी टाच जमिनीला टेकली आहे ना, हे तळव्याखाली बोट घालून पाहिलं. आईचे दोन्ही हात एकमेकांत गुंफून पुढे केले. आणि म्हणाल्या, “आजी, आधी नाक पुढे, मग उठा.”

आपण खुर्चीतून सरळ वर उठत नाही. आधी पुढे झुकतो, डोकं पायाच्या बोटांच्याही पुढे नेतो, अंगाचं वजन पावलांवर येतं आणि मगच बूड सुटतं. एरवी हे लक्षातही येत नाही. लकवा झालेला माणूस तोंडावर पडायच्या भीतीने मागे रेलतो, आणि मागे रेललेल्या माणसाला चार जणांनी ओढलं तरी तो उठत नाही. मॅडम समोर बसलेल्या असल्यामुळे आईला पुढे झुकायची भीती वाटली नाही. पहिल्या खेपेला बूड दोन बोटं सुटलं आणि परत टेकलं. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक खेपेला मॅडमचा एक हात आईच्या डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या वर होता.

त्यांच्याबरोबर शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी शिकायला येत असे. मॅडमनी तिला बोलावलं, आपला हात काढला, तिचा तिथं ठेवला आणि डोळे मिटायला सांगितले. आई पुन्हा पुढे झुकली. मुलगी म्हणाली, “आला.” मांडीचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, क्षणभर आवळला होता. आम्हा पाहणाऱ्यांना काहीच दिसलं नव्हतं.

या धंद्यात स्नायूची ताकद मोजायची एक रीत आहे, शून्य ते पाच. पाच म्हणजे धडधाकट. चार म्हणजे थोडा विरोध केला तरी हलतो. तीन म्हणजे विरोध नसेल तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध, जमिनीपासून वर उचलता येतो. दोन म्हणजे वर उचलता येत नाही, पण पलंगावर घसरत बाजूला नेता येतो. एक म्हणजे हालचाल नाही, फक्त स्नायू आवळल्याचं बोटाखाली कळतं. शून्य म्हणजे काहीच नाही. चार आणि पाच यांतला फरक पेशंट स्वतःच सांगतो. शून्य आणि एक यांतला फरक मात्र फक्त शिकलेल्या बोटाला कळतो, आणि घरच्यांनी धीर धरायचा की सोडायचा हे पुष्कळदा त्याच फरकावर ठरतं. पुस्तकात ही रीत एका पानात मावते. बोटाला ती यायला वर्षं लागतात, आणि ज्याच्या बोटाला ती आली आहे त्याने आपला हात बाजूला करून दुसऱ्याचा तिथं ठेवावा लागतो. शिकवणं आणि पेशंट पाहणं ही दोन कामं एकाच माणसाने का करायची, हे मला त्या संध्याकाळी कळलं. या लेखात मला तेवढंच सांगायचं आहे.

स्नायू मोजायची ही पद्धत पोलिओच्या साथींतून आली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बोस्टनचे अस्थितज्ज्ञ रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या विल्हेल्मिन राइट यांनी पोलिओ झालेल्या मुलांचा एकेक स्नायू तपासून त्याला दर्जा द्यायला सुरुवात केली. कुठला स्नायू मेला आहे आणि कुठला नुसता थकला आहे हे कळल्याशिवाय मुलाला काय करायला लावायचं हेच ठरवता येत नव्हतं. त्या काळी पोलिओचे हातपाय फळ्यांना बांधून महिनोन्महिने स्थिर ठेवत. ऑस्ट्रेलियाच्या एलिझाबेथ केनी या परिचारिकेने उलटा मार्ग धरला. लोकरीचे गरम, ओले तुकडे गुंडाळायचे, आखडलेला स्नायू सैल करायचा आणि हालचाल पुन्हा शिकवायची. तिच्या देशातल्या डॉक्टरांनी तिला बरीच वर्षं उभं केलं नाही. १९४०मध्ये ती अमेरिकेत गेली, मिनीआपोलिसला तिला वॉर्ड मिळाले आणि काही वर्षांत फळ्या बाजूला पडल्या. पोलिओबद्दलचे तिचे सगळे सिद्धान्त पुढे टिकले नाहीत. पण दुखऱ्या स्नायूला बांधून ठेवण्याऐवजी कामाला लावायचं, ही तिची गोष्ट आजही प्रत्येक प्लिंथवर चालू आहे.

मुंबईतही ही विद्या पोलिओमुळेच रुजली. फातेमा इस्माईल या मुंबईतल्या प्रतिष्ठित सोबानी घराण्यातल्या. भाऊ उमर सोबानी गांधीजींच्या चळवळीतले. फातेमाबाईंच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. दारोदार फिरून त्या मद्रासच्या डॉ. किणींपर्यंत पोचल्या आणि मुलीच्या उपचारांबरोबर स्वतःही शिकल्या. मुलीचं निभावल्यावर त्या थांबल्या नाहीत. १९४७मध्ये, देश स्वातंत्र्याच्या आणि फाळणीच्या गदारोळात असताना, त्यांनी मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी केंद्र उघडलं. सर्जन डॉ. अ. वि. बाळिगांनी चौपाटीजवळची आपली जागा त्यासाठी दिली. त्यातूनच अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली आणि पुढे हाजी अलीचं मुलांचं रुग्णालय. १९५८मध्ये फातेमाबाईंना पद्मश्री मिळाली, १९७८मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं. मुलांना व्यायाम देणारे हात मात्र तेव्हा देशात जवळजवळ नव्हतेच. रुग्णालय चंदा गोळा करून बांधता येतं. थेरपिस्ट घडवावा लागतो.

थेरपिस्ट घडवायचं काम परळच्या केईएममध्ये सुरू झालं, आणि त्या गोष्टीतली एक बाई मराठी वाचकाने नीट ओळखून घ्यावी अशी आहे.

एलिझाबेथ लंडी १९००मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत जन्मल्या, क्वेकर घरात. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला साधेपणा आणि शांतता मानणारा पंथ. न्यू यॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात शिकल्या. विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी ओळख झाली आणि १९३०मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, त्या मुंबईला येऊन त्यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. हिंदू झाल्या आणि कमला निंबकर हे नाव घेतलं. त्यांच्यापुढे सुखवस्तू संसाराची वाट मोकळी होती. कमलाबाई मुलांच्या शिक्षणाच्या कामात शिरल्या आणि मग, चाळिशी उलटल्यावर, पुन्हा विद्यार्थी झाल्या. त्यांनी फिलाडेल्फियाच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या शाळेत रीतसर शिक्षण घेतलं. हे मला त्यांच्या सगळ्या कामात मोठं वाटतं. आपल्याकडे त्या वयात माणूस शिकवायला लागतो. शिकायला बसत नाही.

१९५०मध्ये त्यांनी केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. आशियातली ती पहिली. ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी या सख्ख्या बहिणी. एक हालचाल परत आणते, दुसरी त्या हालचालीने रोजचं काम करून घेते. मांडीचा स्नायू आवळायला शिकवणं एकीचं, त्याच पायावर ओट्याशी उभं राहून भाजी चिरायला लावणं दुसरीचं. प्रत्यक्षात दोघींचे हात एकमेकींच्या कामात असतात आणि महाराष्ट्रात दोघींची नोंदणीही एकाच परिषदेत होते. कमलाबाईंनी विद्यार्थी वॉर्डात नेले. भाजलेली, पोलिओ झालेली, हात तुटलेली, मनाने खचलेली माणसं हेच त्यांचे धडे. १९५२मध्ये त्यांनी अखिल भारतीय ऑक्युपेशनल थेरपिस्ट संघटना काढली. त्याच वर्षी या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, आणि तो स्थापन करणाऱ्या मोजक्या देशांत भारत होता. शाळा सुरू होऊन अवघी दोन वर्षं झाली होती. १९५८मध्ये नागपूरलाही अशीच शाळा निघाली, म्हणजे विदर्भातल्या मुलामुलींना परळपर्यंत यायची गरज राहिली नाही. पुनर्वसनाच्या विषयावर आशियासाठी एक नियतकालिक त्यांनी चालवलं. १९७९मध्ये त्या गेल्या. भारतातल्या पुनर्वसनाचा इतिहास सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक त्यानंतर, १९८०मध्ये आलं.

त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर फलटणला गेले. तिथली निंबकर कृषी संशोधन संस्था त्यांची. सूनबाई म्हणजे लेखिका जाई निंबकर, इरावती कर्वे यांच्या कन्या. फलटणची प्रयोगशील शाळा, मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६मध्ये सुरू केलेलं कमला निंबकर बालभवन, याच कमलाबाईंच्या नावाची. शिक्षणात रस असलेल्या मराठी माणसाला ती शाळा ठाऊक असते. जिचं नाव शाळेला आहे त्या बाईने केईएमच्या वॉर्डांत काय उभं केलं ते फार थोड्यांना माहीत आहे, आणि याची मला खंत वाटते.

त्याच केईएममध्ये १९५२-५३च्या सुमारास फिजिओथेरपीची शाळा निघाली, देशातली पहिली. केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना या तिघांनी मिळून ती काढली. १९५५मध्ये भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने हाजी अलीला भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. कॅलिपर, कृत्रिम पाय, व्यायाम, शस्त्रक्रिया, सगळं एका छपराखाली. पाच-सहा वर्षांत, परळ आणि हाजी अली यांच्यामधल्या काही किलोमीटरांत, या देशातल्या पुनर्वसनाचा पाया घातला गेला. तिथून शिकून निघालेली मंडळी गुजरात, कर्नाटक, तमिळनाडूपर्यंत गेली आणि आपापल्या ठिकाणी शिकवू लागली.

आमच्या मॅडमच्या शिक्षिका केईएमच्या. त्यांच्या शिक्षिका सुरुवातीच्या तुकड्यांतल्या. मॅडम सांगतात, त्यांच्या बाई वॉर्डात शिरल्या की आधी पेशंटच्या पायाशी उभ्या राहायच्या आणि विद्यार्थ्यांना विचारायच्या, काय दिसतंय. कुणी केसपेपरकडे वळलं की तो मागे ठेवायला लावायच्या. श्वास कसा चाललाय, एक खांदा वर आहे का, चादरीवर पायाचा पंजा बाहेर पडलाय का, हे आधी सांगायचं आणि निदान मग वाचायचं. मॅडम आज वर्गात हेच करतात.

या विद्येतल्या मोठ्या कल्पना कुठून आल्या ते पाहिलं तरी हेच दिसतं. जर्मनीतून लंडनला आलेल्या बर्टा बोबाथ या व्यायामशिक्षिकेकडे १९४३मध्ये लकवा झालेला एक चित्रकार उपचारांसाठी आला. त्याचा ताठरलेला हात विशिष्ट स्थितीत धरला की सैल पडतो, हे तिच्या हाताला जाणवलं. आपल्याला काय सापडलंय याचं शास्त्र तिने आणि तिच्या डॉक्टर नवऱ्याने, कारेल बोबाथने, मागाहून मांडलं. न्यूझीलंडमध्ये १९५६मध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टचा कंबरदुखीचा एक पेशंट, डोक्याची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला, म्हणजे कंबर मागे वाकलेली राहिली. मॅकेन्झी आत आला तेव्हा तो हादरला, पण पेशंट म्हणाला की बऱ्याच दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. कंबर मागे वाकवू नये असा त्या काळचा शिरस्ता होता. मॅकेन्झीने शिरस्त्यापेक्षा पेशंटच्या सांगण्यावर भरवसा ठेवला आणि त्यातून कंबरदुखी तपासायची एक पूर्ण पद्धत उभी केली. बोबाथबाईंच्या मूळ मांडणीतलं बरंच आज मागे पडलं आहे आणि मॅकेन्झी पद्धतीलाही मर्यादा आहेत. तरी दोघांना प्रश्न सापडला तो पेशंटच्या अंगावर. मग त्यांनी तो शिकवला, आणि शिकवताना तो तपासला गेला.

हे सगळं लिहायचं कारण असं की आज शिकवणं आणि पेशंट पाहणं या दोन कामांची फारकत होते आहे.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीची पदवी, बीपीटीएच, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आहे. प्रवेश नीटवर. चार वर्षं वर्ग आणि वॉर्ड, मग सहा महिने इंटर्नशिप. नंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी: हाडं-सांधे, मेंदू-मज्जासंस्था, हृदय-श्वसन, क्रीडा, सामुदायिक आरोग्य, अशा शाखा. मग सहायक प्राध्यापक, सहयोगी, प्राध्यापक. वरच्या पायरीला शोधनिबंध लागतात, पीएचडी लागते, तपासणीला येणाऱ्या समितीसाठी फायली लागतात. हे सगळं हवंच. पण या शिडीवर कुठेही ‘तुम्ही या वर्षी किती पेशंटना पायावर उभं केलंत’ हा रकाना नाही. पेशंट पाहणारा प्राध्यापक स्वतःच्या वेळेतून तो पाहतो. उलट, चांगला चाललेला दवाखाना असलेली माणसं पगार कमी म्हणून शिकवायला येत नाहीत. मग वर्गात अशीही मंडळी उभी राहतात ज्यांनी परीक्षा उत्तम दिल्या आहेत, पण ज्यांच्या बोटाला शून्य आणि एक यांतला फरक अजून कळलेला नाही. त्यांचा यात दोष नाही. त्यांचा हात कुणी धरून तिथं ठेवलाच नाही.

मशीनचंही थोडं बोलायला हवं, कारण पेशंटचा पैसा तिथं जातो. ब्रिटनच्या आरोग्य सेवेला मार्गदर्शन करणाऱ्या नाईस या संस्थेने २०१६मध्ये कंबरदुखीसाठी अल्ट्रासाऊंड, टेन्स आणि इंटरफेरेन्शियल करंट हे मशीनचे उपचार देऊ नयेत असं सांगितलं. पुरावा व्यायामाच्या बाजूने होता. मॅडमच्या दवाखान्यात मशीन आहे, गरज वाटली तर त्या वापरतातही, पण पेशंटला आधी घाम येतो आणि मग शेक मिळतो. काही जण दोन दिवसांत सोडून जातात. शेजारच्या गल्लीत पंधरा मिनिटं मशीन लावून मोकळं करणारी जागा मिळते. जे राहतात त्यांना त्या घरी करायचे व्यायाम वहीत स्वतः चित्रं काढून देतात, आणि दुसऱ्या दिवशी ते करून दाखवायला सांगतात. आईची वही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर स्टूल, पावलं आणि पुढे आलेलं नाक.

कोविडच्या काळात मॅडम अतिदक्षता विभागात होत्या. छातीची फिजिओथेरपी म्हणजे काय हे त्या दिवसांत पुष्कळांना पहिल्यांदा कळलं: पेशंटला पालथं कसं झोपवायचं, कफ कसा सुटा करायचा, व्हेंटिलेटरवरून सुटलेल्या माणसाला पलंगाच्या कडेला पहिल्यांदा कधी बसवायचं. आठवडाभर पडून राहिलेल्या धडधाकट माणसालाही बसवल्यावर मान धरवत नाही. पलंगाच्या कडेला त्या मानेमागे हात धरून उभा असतो तो फिजिओथेरपिस्ट. त्या कामाचं कौतुक झालं तेव्हा झालं. नंतर जो वाद पेटला तो नावापुढे ‘डॉ.’ लावायचं की नाही याचा.

९ सप्टेंबर २०२५ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओथेरपिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर नाहीत, त्यांनी ‘डॉ.’ लावू नये. दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेण्यात आलं. त्याआधी काही महिने, एप्रिलमध्ये, याच केंद्र सरकारचा फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम जाहीर झाला होता. त्यात ‘डॉ.’ लावावं आणि नावानंतर ‘पीटी’ लिहावं असं म्हटलं होतं. एकीकडे वैद्यक संघटना पेशंटची फसगत होईल म्हणतात, दुसरीकडे फिजिओथेरपिस्ट म्हणतात की आम्हाला तंत्रज्ञ समजू नका. मला दोन्हीकडचं थोडं पटतं. पेशंटला आपल्यासमोर कोण बसलंय हे कळलंच पाहिजे, आणि ‘पीटी’ हा शेपटीचा उल्लेख त्यासाठी पुरेसा आहे, जर तो ठळक लिहिला तर. पण या भांडणात एक मूळ मुद्दा बाजूला पडला. फिजिओथेरपिस्टने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तपासावं की नाही, आणि तपासताना धोक्याच्या खुणा ओळखून पेशंटला वेळेत पुढे पाठवायला तो शिकला आहे की नाही. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला तर तो व्यायामाचा पेशंट नाही, त्याला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवायला हवं. मॅडम हा एक प्रश्न तोंडी परीक्षेत दरवर्षी विचारतात. ज्याला तो येत नाही त्याला त्या पास करत नाहीत.

कायदा बराच पुढे आला आहे, हेही मान्य करायला हवं. महाराष्ट्राने ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेचा कायदा २००२चा म्हणून केला. देशाचा सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा त्यानंतर खूप उशिरा, २०२१मध्ये आला. नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप सहा महिन्यांऐवजी वर्षाची होते आहे. त्या वाढलेल्या सहा महिन्यांचं काय करायचं, यातूनच माझ्या मते काशीगावासारख्या जागांचा प्रश्न सुटू शकतो.

लकव्यानंतर मेंदू सगळ्यात जास्त सावरतो तो पहिल्या तीन महिन्यांत. नंतरही सुधारणा होते, वर्षांनंतरही होते, पण पहिल्या तीन महिन्यांसारखी नाही. टॉवरमधल्या घरात या काळात थेरपिस्ट दारात येतो. पाड्यावरच्या घरात तेव्हा कर्त्या माणसाचा रोज बुडालेला असतो, रिक्षाचं भाडं परवडत नाही, आणि ‘व्यायामवाली बाई’ बोलवायची ही कल्पनाच कुणी दिलेली नसते. तीन महिने अंथरुणात जातात. कोपर आणि मूठ आखडते. मग कधीतरी शिबिरात कुणीतरी तपासतं आणि उशीर झाला म्हणतं. मॅडमनी अशी माणसं काशीगावात पाहिली आहेत, विनामूल्य तपासली आहेत. पण एकटी बाई संध्याकाळच्या तीन तासांत किती दारांपर्यंत पोचणार?

पोलिओच्या काळात याचं उत्तर केंद्र उघडून दिलं गेलं, कारण मुलाला कडेवर घेऊन आणता येत होतं. आता पोलिओ नाही. देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्याला सापडला, २०१४मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. साठ किलोचा अर्धांगवायूचा माणूस कडेवर घेता येत नाही, त्याच्याकडे जावं लागतं. प्रत्येक फिजिओथेरपी महाविद्यालयाने वाढलेल्या इंटर्नशिपमधले तीन महिने एका ठरावीक वस्तीला द्यावेत. दर वर्षी तीच वस्ती, म्हणजे लोकांना मुलं ओळखीची होतील. इंटर्नबरोबर आठवड्यातून एकदा प्राध्यापक स्वतः यावा, आणि ते त्याच्या बढतीच्या कागदात धरलं जावं. महापालिकेने आशाताईंकडून नव्या लकव्याच्या रुग्णांची नावं द्यावीत. त्याला नवी इमारत लागत नाही, मशीन लागत नाही. एक स्टूल, एक वही आणि शिकलेले हात लागतात.

मॅडमनी आपल्या महाविद्यालयात असा प्रस्ताव दिला आहे. वस्ती म्हणून त्यांनी काशीगावचे पाडे सुचवले आहेत, कारण स्टेशनपासून शेअर रिक्षा मिळते आणि रस्ता त्यांना पाठ आहे. समितीने त्यांच्याकडे खर्चाचा तपशील मागितला आहे. विद्यार्थ्यांचा रिक्षाखर्च आणि वह्या, एवढाच तो भरतो.